मदत हवी आहे : नवख्या सहपंचाला मैदानावर सांभाळून कसे घ्यावे? (शालेय बेसबॉल, नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला सिडको भागातील एका शाळेत क्रीडाशिक्षक असून गेली ११ वर्षे शालेय सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. माझी अडचण सहपंचाविषयीची आहे आणि तिच्यात माझ्या स्वतःच्या चुकीचा वाटा बराच मोठा आहे, म्हणून घडलेला प्रकार आधी जसाच्या तसा लिहितो.

आपल्याकडे शालेय सामन्यांना चार पंच मिळत नाहीत. एक प्लेटमागे (म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे) आणि एक मैदानात, अशी जोडी जमली तरी आयोजक निःश्वास सोडतात. यंदा माझ्या जोडीला बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करणारी एक मुलगी आहे. ती सॉफ्टबॉल चांगला खेळलेली आहे, तिला नियम पाठ आहेत, धावण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. मात्र बेसबॉलमध्ये पंच म्हणून तिचा हा पहिलाच हंगाम आहे.

सॉफ्टबॉलमधून येणाऱ्या पंचाला काय जड जाते, हे मला तिच्यामुळे नव्याने कळले. तिथे बेसमधील अंतर ६० फूट आणि इथे ९० फूट, महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर (बॅटरला चेंडू टाकणारी खेळाडू) ४३ फुटांवरून चेंडू टाकते आणि इथे ६० फूट ६ इंचांवरून, हा फरक दोन-तीन सामन्यांत अंगवळणी पडतो. परंतु सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरला (बेसवर पोहोचलेल्या फलंदाजी संघाच्या खेळाडूला) बेस सोडता येत नाही, तर बेसबॉलमध्ये रनर आधीच तीन-चार पावले पुढे सरकून उभा असतो आणि पिचर गर्रकन वळून पहिल्या बेसवर चेंडू फेकू शकतो. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये बेसवर रनर असताना बेस अंपायर खेळाडूंच्या मागे, म्हणजे डायमंडच्या (चार बेसच्या चौकोनाच्या) बाहेर उभा राहतो. बेसबॉलमध्ये तो आत, पिचर आणि दुसरा बेस यांच्या मधल्या जागेत येतो. ही जुनी सवय पायांत असते आणि ती तोंडी सांगून जात नाही.

उपांत्य सामन्यात, १७ वर्षांखालील मुलांच्या गटात, दुसऱ्याच डावात पहिल्या बेसवर रनर असताना ती सेकंड बेसमनच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मी हाताने आत येण्याची खूण केली, तेवढ्यात पिचरने पहिल्या बेसवर चेंडू फेकला. तिचे लक्ष बॅटरकडे होते. रनर पोटावर झेपावला होता, फर्स्ट बेसमनचा ग्लोव्ह त्याच्या मनगटावर टेकलेला होता आणि दोघेही धुळीत तसेच थांबून तिच्याकडे पाहत होते. शेवटी फर्स्ट बेसमनने मान वर करून विचारले, "मॅडम, काय?" तिने दोन्ही हात कमरेइतकेच उचलून हळू आवाजात "सेफ" म्हटले. निर्णय कदाचित बरोबर असेलही, पण त्या आवाजावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

इथपर्यंत दोष अनुभवाचा होता. पुढचा दोष माझा.

शेवटच्या डावात दोन आउट झाले होते, तिसऱ्या बेसवर रनर होता आणि फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे होता. शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जमिनीवरून चेंडू गेला, त्याने पहिल्या बेसवर फेकला आणि तिने मूठ वर करून "आउट" दिला. या वेळी आवाज खणखणीत होता. पण ती तिसऱ्या बेसच्या बाजूला होती, फर्स्ट बेसमनचे अंग मध्ये आले होते आणि त्याच्या ग्लोव्हमधून निसटून पलीकडे पडलेला चेंडू तिला दिसलाच नव्हता. मला प्लेटवरून तो स्पष्ट दिसला. मी मास्क हातात घेऊन तिथूनच ओरडलो, "सेफ! चेंडू पडलाय!" तिसरा आउट टळल्यामुळे धाव धरली गेली आणि सामना बरोबरीत आला.

विरोधी प्रशिक्षक माझ्याकडे आले नाहीत. ते सरळ तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा निर्णय धरायचा की सरांचा?" ती काहीच बोलली नाही. त्यानंतरच्या जादा डावांत प्रत्येक अटीतटीच्या वेळी ती खूण करण्याआधी क्षणभर माझ्याकडे पाहू लागली, आणि पोरांनीही ते हेरले. तिने दिलेला साधा आउटसुद्धा "सर, बघा ना" म्हणत माझ्याकडे येऊ लागला. अधिकृत नियमावलीच्या ८.०२ या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, ज्याने निर्णय दिला त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्या निर्णयावर टीका करू नये, तो फिरवण्याचा प्रयत्न करू नये किंवा त्यात हस्तक्षेप करू नये. हे कलम मी स्वतः दोन वर्षांपूर्वी नव्या पंचांना शिकवले होते.

येत्या शनिवारी आणि रविवारी आम्हा दोघांनाच पुन्हा सामने आहेत. सामन्यापूर्वी आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळतात, आणि त्यातही फक्की मारणाऱ्या मुलांना फाऊल लाइन सरळ करून देण्यात निम्मा वेळ जातो. एवढ्या वेळात तिच्याशी नेमके काय बोलून घ्यावे? तिला न दिसलेली गोष्ट मला दिसली, तर ती तिचा मान राखून तिच्यापर्यंत पोहोचवावी कशी? झालेल्या चुका दोन डावांच्या मध्ये सांगाव्यात की सामना संपल्यावर? आणि ती मला एकदा प्लेटमागे उभे राहू द्या म्हणते आहे, ते इतक्या लवकर करावे का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त क्रीडाशिक्षक, सिन्नर)

सर, आपण चूक मोकळेपणाने लिहिलीत म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. वीस मिनिटांत बोलणे होत नसते, म्हणून सामन्याच्या दिवसावर अवलंबून राहू नका. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला मैदानात बोलवा, पाण्याच्या चार बाटल्या बेस म्हणून ठेवा आणि प्रत्यक्ष चालून दाखवा. बेस रिकामे असतील तर फर्स्ट बेसमनच्या मागे दहा-बारा फुटांवर, फाऊल लाइनच्या बाहेर. रनर फक्त पहिल्या बेसवर असेल तर आत, पहिल्या बेसच्या बाजूला. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर कोणी असेल तर आत, तिसऱ्या बेसच्या बाजूला. या तीन जागा तिच्याकडून दहा वेळा चालून घ्या. पायांची सवय पायांनीच मोडते.

दुसरे असे की, कोणती जबाबदारी कोणाची, हे तोंडाने मोठ्याने बोलायची सवय दोघांनाही लावा. पहिल्या बेसवर एकच रनर असताना चेंडू आउटफिल्डमध्ये गेला आणि तो रनर तिसऱ्या बेसकडे निघाला, तर तिथे प्लेटवरच्या पंचाने धावत जायचे असते. आपण तिथे पोहोचताना "तिसरा माझा" असे ओरडलात, तर ती निश्चिंत होऊन बॅटर-रनरकडे पाहील. आपण काही बोलला नाहीत, तर ती दोन्हीकडे पाहील आणि तिला दोन्ही ठिकाणचे काहीच दिसणार नाही. माझ्या अनुभवात नवख्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ जुन्या पंचाच्या मौनात असते.

प्रत्येक बॅटर येण्याआधी एकमेकांकडे पाहून आउट किती झाले, याची बोटांनी खूण करा. पहिल्या व दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर असतील आणि दोनपेक्षा कमी आउट असतील, तर इनफिल्ड फ्लायची (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना सहज झेलता येणारा उंच चेंडू उडाला की बॅटर लगेच आउट, या नियमाची) आठवण म्हणून टोपीला हात लावा. यात आपले लक्ष राहतेच, शिवाय तिलाही दर मिनिटाला कळत राहते की आपण जोडीने काम करत आहोत.

प्रतिसाद २ (नाशिकरोड)

८.०२ बद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु पडलेल्या चेंडूच्या बाबतीत मी थोडे वेगळे सांगेन. टॅग (चेंडू धरून रनरला केलेला स्पर्श) आधी झाला की नंतर, पाय बेसवर आधी पडला की चेंडू आधी आला, हे नजरेचे निर्णय आहेत आणि ते ज्याचे त्याने द्यावेत. चेंडू जमिनीवर पडला आहे, ही मात्र माहिती आहे, आणि ती तातडीने पोहोचली नाही तर रनर आउट समजून थांबतात, क्षेत्ररक्षक चेंडू सोडून देतात आणि नंतर सगळाच गोंधळ निस्तरावा लागतो. म्हणून आम्ही जोडीदाराशी आधीच ठरवून ठेवतो की अशा वेळी मी फक्त "चेंडू खाली" एवढेच ओरडेन आणि बोटाने दाखवेन. निर्णय बदलण्याची खूण तिची तीच करील. आपण "सेफ" हा शब्द उच्चारलात, तिथे गडबड झाली. बाकी बाबतीत खेळ थांबू द्यावा, तिने आपणहून आपल्याकडे यावे, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यापासून दहा पावले दूर उभे राहून बोलावे आणि अंतिम निर्णय तिनेच जाहीर करावा.

तिला एक गोष्ट जरूर सांगा. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गालारागा हा पिचर परफेक्ट गेमपासून (विरोधी संघाच्या एकालाही बेसवर पोहोचू न देता जिंकलेल्या सामन्यापासून) एका आउटवर होता. जिम जॉयस या अत्यंत अनुभवी पंचांनी पहिल्या बेसवर चुकून सेफ दिला. चित्रफीत पाहिल्यावर त्यांनी चूक जाहीरपणे कबूल केली, आणि दुसऱ्या दिवशी तेच प्लेटमागे उभे होते.

प्रतिसाद ३ (देवळाली कॅम्प)

मी सहा वर्षांपूर्वी याच मुलीच्या जागी होते, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. दोन डावांच्या मध्ये कृपया काहीही शिकवू नका. संपूर्ण मैदान पाहत असते, ज्येष्ठ पंच हातवारे करून समजावतो आहे आणि आपण मान डोलावतो आहोत, हे दृश्य पुढच्या डावात आपला प्रत्येक निर्णय हलका करते. माझे ज्येष्ठ सहकारी दोन डावांच्या मध्ये माझ्याजवळ येत, पाणी पीत, "ऊन फार आहे आज" एवढेच म्हणत आणि परत जात. बघणाऱ्यांना वाटे की काहीतरी महत्त्वाची मसलत झाली. सामना संपल्यावर चहा घेताना मात्र ते आधी मला विचारत, "आज कुठला निर्णय मनाला लागून राहिला?" मी सांगितलेल्या निर्णयावरच आम्ही बोलत असू, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मनातलाही तोच असे.

निर्णय घाईने देणे हा आम्हा सर्वांचाच आजार असतो. त्यावर मला उपयोगी पडलेला सराव असा. शाळेच्या संघाचा सराव चालू असताना पहिल्या बेसजवळ उभे राहायचे, फेक नीट येते आहे हे पाहून नजर बेसवर आणायची, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी टिपायचा आणि मग चेंडू खेळाडूच्या ताब्यात दिसल्यावरच तोंड उघडायचे. मी मनातल्या मनात "पाय, आवाज, चेंडू" असे म्हणत असे. तीन शब्द म्हणून होईपर्यंत घसरलेला चेंडू जमिनीवर आलेला असतो.

प्लेटमागे तिला अवश्य उभे करा, पण १४ वर्षांखालील गटाच्या साखळी सामन्यात, आणि त्या दिवशी बेसवर आपण उभे राहा. तिथून किती कमी दिसते, हे आपल्यालाही आठवेल. सर, हे थोडे स्पष्ट लिहिले आहे, राग मानू नये.

धागाकर्त्याचे उत्तर (सोमवार)

सर्वांचे मनापासून आभार. देवळालीच्या ताईंचा राग आला नाही. शेवटचे वाक्य मात्र दोनदा वाचले.

शुक्रवारी बाटल्या ठेवून चाललो. त्याआधी मी तिला सांगितले की उपांत्य सामन्यात मी वागलो ते नियमाला धरून नव्हते. ती म्हणाली, "सर, चेंडू तर पडलाच होता ना." त्यावर मला उत्तर सुचले नाही. "चेंडू खाली" या शब्दांवर आमचे एकमत झाले.

शनिवारी पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर, एक आउट, अशी स्थिती असताना तिने माझ्याआधी टोपीला हात लावला. पुढच्याच चेंडूवर शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उंच झेल उडाला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी बोट वर करून "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट" म्हटले. नंतर दुसऱ्या बेसवरच्या एका टॅगवर प्रशिक्षकांनी हरकत घेतली. ती माझ्याकडे आली, डगआउटकडे (संघाच्या बसण्याच्या जागेकडे) पाठ करून आम्ही बोललो. मला प्लेटवरून टॅग दिसलाच नव्हता, तसे मी सांगितले. ती परत गेली आणि पहिलाच निर्णय, आउट, तिने पुन्हा तितक्याच मोठ्याने दिला. प्रशिक्षक माझ्याकडे वळले, तेव्हा मी खाली वाकून प्लेट झाडत होतो.

पिकऑफच्या वेळी (पिचर अचानक बेसवर चेंडू फेकतो तेव्हा) ती अजून अर्धे पाऊल उशिरा वळते. ते सरावाने होईल.

आता एक व्यावहारिक अडचण उरली आहे. पुढच्या आठवड्यात १४ वर्षांखालील सामन्यात तिला प्लेटमागे उभे करायचे ठरले आहे, पण माझ्याकडे साहित्याचा एकच संच आहे आणि तो माझ्या मापाचा आहे. चेस्ट प्रोटेक्टरचे पट्टे पूर्ण आवळले तरी तो तिच्या खांद्यावरून खाली येतो आणि गळ्याच्या खालची जागा उघडी राहते, त्यामुळे तो घालून मी तिला उभे करणार नाही. पंचवटी, सिडको किंवा नाशिकरोड भागात कोणाकडे लहान मापाचा प्रोटेक्टर आणि शिनगार्ड दोन दिवसांसाठी मिळू शकतील का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि सोमवारी आणून देईन.