बोकडाच्या श्वासनळीवर क्रायकोथायरॉइडोटॉमीचा सराव: वरची कातडी आणि चरबी कशाची करू?

नागपुरात आमच्या भूल विभागातल्या रेसिडेंट्ससाठी क्रायकोथायरॉइडोटॉमीचा, म्हणजे गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनळीत ट्यूब घालण्याचा, सराव ठेवतोय; तंत्र स्काल्पेल-बूजीचं (बूजी म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी). पद्धत डीएएसच्या (ब्रिटनची डिफिकल्ट एअरवे सोसायटी) 2015 च्या मार्गदर्शक सूचनांतलीच: 10 नंबरचं ब्लेड, बूजी, 6 नंबरची कफवाली ट्यूब. मोमिनपुऱ्यातून स्वरयंत्रासकट अख्खी नळी मिळते (आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर सुरी नेमकी तिथूनच फिरते). अडतंय ते कातडीपाशी.

कोंबडीची कातडी लावून पाहिली, ब्लेड टेकताच सरकते. फोमची पट्टी बरी, पण त्यातून स्वरयंत्राचा पडदा (छेद द्यायची जागा) बोटाला सहज लागतो, मग सराव कसला! मला जाड मान हवीय, जिथे हाताला काहीच लागत नाही. उभा छेद घेऊन बोटांनी थर फाकवावे लागतात. अगर-अगरचा थर बोट घातलं की तुकड्या-तुकड्यांनी निघतो.

नवीन मॅनिकिनला बजेट नाही. डुकराचं मांस नको, काहींना चालणार नाही. फॉर्मालिनही नको, कूर्चा कडक होते. जागा सेमिनार रूम, महिना मे, एसी रामभरोसे.

जिलेटिनचा थर कुणी वापरलाय का? या उकाड्यात दुपारभर टिकावा म्हणून प्रमाण किती घेतलं, आणि वर कातडी म्हणून काय ताणलं?