मदत हवी आहे: कॉस्टिकने दाराचा रंग काढताना सुतारकाका भाजले

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या वेळचा सागवानी दरवाजा आहे. दर दोन-तीन दिवाळ्यांनी त्यावर ऑइलपेंटचा हात बसत गेला आणि चौकटीवरची कोरीव वेल पार बुजली. ती मोकळी करायला सुतारकाकांना बोलावलं. त्यांच्या सांगण्यावरून पाच किलो कॉस्टिक सोडा आणला.

काकांनी सोडा जर्मनच्या घमेल्यात टाकला आणि वरून पाणी ओतलं. घमेलं असं खदखदलं की सगळे खोकत मागे सरलो. नंतर पाहतो तर बुडाला भोकं! पाच हातांवर चूल पेटलेली होती.

शिंतोडे काकांच्या मनगटावर उडाले. "काई नाई होत भाऊ, साबनावानी बुयबुय लागते," म्हणून त्यांनी दुपट्ट्याला हात पुसला. तासाभराने आग व्हायला लागली, तेव्हा आईने लिंबू चोळलं. आज चौथा दिवस. रुपयाएवढी जखम आहे, आणि वाटली त्यापेक्षा खोल. ड्रेसिंग चालू आहे.

काम माझं आणि भोगतायत ते, हे मनातून जात नाही. तीन किलो सोडा उरलाय, उघड्या पिशवीत ओलसर होतोय. खरवडलेले पोपडे अंगणात पडलेत, तिथेच कोंबड्या चरतात. घरात चार वर्षांची भाची आहे. काय करू?

प्रतिसाद १:

दादा, आधी भाची. उरलेला सोडा झाकण घट्ट बसेल अशा प्लास्टिकच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि कुलपात ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत द्रावण कधीही ठेवू नका. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. थेट १०८ ला फोन करा.

ती बुळबुळ म्हणजे कातडीतल्या चरबीचा खरोखरच साबण होत होता. ॲसिड लगेच झोंबतं; कॉस्टिक बरेचदा आधी आत उतरतं, मग दुखतं. लिंबू, व्हिनेगर काही नको. भिजलेला कपडा काढायचा आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरायचं. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून अर्धा तास धुवायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. नजर जाऊ शकते.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. चूल जवळ होती, थोडक्यात वाचलात. आणि पाण्यात सोडा थोडा थोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही.

पोपड्यांचं मला जास्त भय वाटतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमचे जुने थर त्याआधीचे, म्हणजे त्यांत हे विषारी शिसं जास्त असू शकतं. सगळं ओलं करून गोळा करा, उकिरड्यात टाकू नका, ते शेतात जाईल. कोरडा पॉलिशपेपरही मारू नका. शिवाय कॉस्टिकने सागवान काळं पडतं. वेलीवर तर ते नकोच. पाणी मारत, मास्क लावून, हळूहळू खरवडा.

धागाकर्ता:

खूप आभार. सोडा डब्यात भरून माळ्यावरच्या पेटीत कुलूपबंद केला. कोंबड्या शेजारच्या काकूंकडे नेल्या, पोपडे ओले करून पोत्यात भरले. काकांचा हात बरा होईपर्यंत त्यांची रोजी मी देतोय. वेल त्यांच्याच हातून मोकळी करून घेईन, पाण्यानेच.