मॅच 'लाईव्ह' आहे ना, मग खालच्या मजल्यावर विकेट आधी कशी पडते?

खिडकीजवळचा

मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आम्ही डिशचं कनेक्शन बंद केलं, सगळं ॲपवर दिसतंय तर दोन्हीकडे पैसे कशाला भरायचे म्हणून. सिरियल, पिक्चर, बातम्या यात काहीच अडत नाही, आई तर आता रिमोटमध्ये बोलून स्वतःच मालिका लावते. अडतं ते फक्त क्रिकेटला. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे अजून केबल आहे. आमच्याकडे बॉलर रनअपच्या टोकाला उभा असतो आणि खालून "गेलाऽऽ" असा आवाज येतो, मग पुढचा अर्धा मिनिट आम्ही सगळे कोण गेला याची वाट बघत बसायचं, आणि तो बॉल नसतोच, त्याच्या पुढच्या बॉलला विकेट जाते. म्हणजे दोन बॉल आम्ही मॅच बघतच नाही, नुसते निकालाची वाट बघतो.

वायफायवाला म्हणतोय १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन २०० चा करा, लगेच फरक दिसेल. खरंच दिसेल का? आणि दुसरं म्हणजे बहिणीशी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की लगेच इकडे ऐकू येते. मग तेच इंटरनेट मॅचच्या वेळीच का झोपतं?

जाणकारांनी सांगा प्लीज, उगाच वर्षभराचे पैसे भरायचे नाहीयेत.

पुन्हा_चहा

मॅचच्या दिवशी काकांना जेवायला वर बोलवा. खर्च कमी, उपाय पक्का.

बफरिंगबुवा

प्लॅन वाढवू नका, एका सेकंदाचाही फरक पडणार नाही. मी याच धंद्यात आहे (कंपनी कुठली ते विचारू नका), म्हणून जरा लांबण लावतो.

फुल एचडी मॅचला साधारण ५-६ एमबीपीएस लागतात, फोर-के असेल तर १५ ते २५. तुमच्याकडे १०० आहे. म्हणजे पाईप आधीच रिकामा पडलाय, तो रुंद करून काय होणार? स्पीड कमी पडला तर चित्र अंधुक होतं नाहीतर चक्र फिरतं. उशीर ही वेगळी भानगड आहे, तो कमी स्पीडमुळे झालेला नाही, तो पद्धतीतच बसवलेला आहे.

मैदानावरून चित्र ब्रॉडकास्टरच्या कंट्रोल रूममध्ये येतं, तिथून दोन वाटा फुटतात. काकांची वाट वरून जाते. सिग्नल सुमारे ३६,००० किमीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तिथून खाली सगळीकडे एकदमच पडतो. या जाण्यायेण्याला पाव सेकंद लागतो, बाकी एन्कोडिंग (चित्र दाबून पाठवण्याजोगं लहान करणं), केबलवाल्याची मशिनरी वगैरे धरून काही सेकंद. लाईव्ह म्हणजे तेही नाही, पण तुमच्यापेक्षा बरेच पुढे.

तुमच्या वाटेवर मात्र व्हिडिओ सलग येतच नाही. आधी एकाच चित्राच्या पाच-सहा क्वालिटी बनतात (म्हणून तर नेट मंदावलं की चित्र पातळ होतं पण मॅच थांबत नाही), मग प्रत्येक क्वालिटीचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा ही एक साधी फाईल. आता ही फाईल म्हणजे वडापची जीप, भरल्याशिवाय हलत नाही. ६ सेकंदांचा तुकडा असेल तर ते ६ सेकंद मैदानावर होऊन गेल्यावरच तो पाठवता येतो. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस (तुकड्या-तुकड्यांनी व्हिडिओ पाठवायची हीच पद्धत) आणलं तेव्हा १० सेकंदांचे तुकडे सुचवले होते, नंतर ते ६ वर आणले. बरं, प्लेअर पहिला तुकडा आला की लगेच दाखवत नाही, मध्येच नेट अडखळलं तर हाताशी असावेत म्हणून साधारण तीन जमा करतो. झाले १८. त्यात एन्कोडिंग, जाहिराती घुसवणं, सर्व्हरवरून सर्व्हरवर पोचणं मिळवा. तुमचा अर्धा मिनिट तिथेच भरला.

व्हिडिओ कॉलचं उत्तर: तिथे साठा जवळजवळ करतच नाहीत. वाटेत डेटा हरवला तर त्याची फार वाट बघत थांबत नाहीत, सोडून पुढे जातात, म्हणून बहिणीचा चेहरा मध्येच चौकोन चौकोन होतो आणि आवाज रोबोटसारखा येतो. कॉलमध्ये आपण ते चालवून घेतो. मॅचमध्ये कॅच सुटला की पकडला त्याच क्षणी चौकोन आले तर लोक ॲप डिलीट करतील.

खिडकीजवळचा

बुवा, भारी समजावलंत, वायफायवाल्याला नाही म्हणून कळवतो. पण मग तुकडेच एकेक सेकंदाचे का नाही पाडत? जीपमध्ये दोनच माणसं बसवा आणि सोडा.

बफरिंगबुवा

पाडतात की. २०१९ मध्ये ॲपलने लो-लेटन्सी (म्हणजे कमी उशिराचं) एचएलएस जाहीर केलं, त्यात तुकड्याचेही बारीक भाग करून तयार होतील तसे पुढे ढकलतात, उशीर पाच-सात सेकंदांच्या आत आणता येतो. पण साठा जितका कमी तितकं चक्र फिरायची भीती जास्त. तुमच्याकडे फायबर आहे, तुम्हाला चालेल. लोकलमध्ये बोगद्यात शिरणाऱ्याचं काय? कंपनी दोघांचाही विचार करते आणि बोगद्यातल्याच्या बाजूने कौल देते, कारण उशीर हा खाली काका असल्याशिवाय कळत नाही आणि चक्र फिरलेलं सगळ्यांना कळतं.

दुसरं कारण आकडे. २०१९ च्या वर्ल्डकपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक बघत होते. २०२३ च्या फायनलला, अहमदाबादच्या, ५.९ कोटी. एवढ्या लोकांना कॉलसारखं प्रत्येकाला वेगळं कनेक्शन सांभाळून देणं परवडणारच नाही. तुकडा म्हणजे साधी फाईल असल्यामुळे तिची कॉपी गावोगावच्या कॅश सर्व्हरवर (बघणाऱ्याच्या जवळ कॉपी साठवून ठेवणारी मशीन) ठेवता येते, लाख लोक तीच कॉपी उचलतात. तुकडे जितके बारीक तितक्या मागण्या जास्त, त्या सर्व्हरवर ताणही जास्त.

आणि गंमत ऐका, त्या सेमीफायनलला धोनी रनआऊट झाला आणि लोक धडाधड निघून गेले. वाटेल की चला, सर्व्हरवरचा भार उतरला. पण उलट. लोक बॅक दाबून होमपेजवर येतात, आणि होमपेज म्हणजे प्रत्येकाला वेगळं, तुम्ही अर्धवट काय बघितलं, तुम्हाला काय सुचवायचं, ते सगळं त्या क्षणी काढायला लागतं. व्हिडिओच्या तुकड्याची कॉपी करून ठेवता येते, याची नाही. म्हणजे मॅच चालू असतानापेक्षा मॅच हरल्याच्या मिनिटाला होमपेजची तयारी जास्त ठेवावी लागते. धोनी आऊट झाल्यावर अख्खा देश सुन्न होता आणि इंजिनिअर लोक ग्राफकडे बघत होते.

सातासमुद्रापलीकडची_सांगलीकर

आमच्याकडे खाली काका नाहीत तर व्हॉट्सॲपवर आहेत. न्यू जर्सीत पहाटे उठून इथल्या ॲपवर मॅच लावायची आणि माहेरच्या ग्रुपवर "काय मारलाय!!" आधी येतो, नंतर सिक्स दिसतो. शेवटी मॅच असली की ग्रुप म्यूट, आणि स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशनही बंद करायचं, कारण स्कोअर म्हणजे चार अक्षरांचा डेटा, तो कुठे साठवून ठेवायची गरज नसते, तो कायम व्हिडिओच्या पुढेच असणार. भाऊ म्हणतो तू पाच मिनिटं उशिरा उत्तर दे. मी म्हटलं मग ग्रुपवर असून काय उपयोग?

ओटीटी_एके_ओटीटी

पाच वर्षांत केबल-डिश सगळं गुंडाळणार आहे, मग काकाही तुमच्याच ॲपवर येतील आणि प्रश्नच मिटेल 😄 कशाला डोकं लावताय. २०१६ ला जिओ आलं तेव्हा कोणाला वाटलं होतं आजी फोनवर कीर्तन बघेल?

बफरिंगबुवा

काका ॲपवर आले तरी मिटणार नाही. एकाच ॲपवर दोन टीव्हीसुद्धा एका सेकंदाला एकच चित्र दाखवत नाहीत. कोणी मॅच कधी उघडली, कोणत्या टीव्हीचा प्लेअर किती साठा करतो, कोणी मध्ये पॉज केलं, यावर ते मागे-पुढे होतं. आणि केबल गुंडाळेल हे मला एवढं सरळ वाटत नाही. उपग्रहावरून एकाने बघितलं काय आणि दहा कोटींनी बघितलं काय, पाठवणाऱ्याचा खर्च तोच. ॲपवर प्रत्येक नवीन बघणाऱ्यामागे डेटा वाहून न्यायचे पैसे मोजावे लागतात. पिक्चर, सिरियल जो तो आपापल्या वेळी बघतो, तिथे नेटला तोड नाही. पण सगळ्या देशाने एकाच क्षणी एकच गोष्ट बघायची तर जुनी पद्धतच हुशार आहे, हे मी इंटरनेटचा पगार खाऊन म्हणतोय.

नागपुरी_संत्रं

बुवा, शंभर टक्के सहमत. आमच्या पिढीनं हे सगळं उलटं केलेलं आहे बावा. टीव्हीचा आवाज बंद अन् रेडिओवरची कॉमेंट्री चालू, दोन्ही एकदम चालायचं, काही मागे नाही काही पुढे नाही. परवा हौस म्हणून तसंच करून पाहिलं तं रेडिओवाला ओव्हर संपवून राहिला अन् टीव्हीवर बॉलर अजून बॉल पुसून राहिला. नातू म्हणे आबा तुमचा रेडिओ भविष्य सांगते.

पैशाचं पण बोला ना कोणी. तुमच्या घरी वायफाय आहे म्हणून ठीक. गावाले फोनच्या डेटावर मॅच पाहणाऱ्याचं गणित करा, ३ एमबीपीएसनं तासाले १.३५ जीबी जाते. दिवसाले दोन जीबीचा पॅक असला तं पहिली इनिंग संपता संपता तो पण ऑल आऊट. मंग दुसऱ्या इनिंगले क्वालिटी एकदम खाली ओढायची, बॉल दिसतच नाही, फिल्डर कुठं पळून राहिला त्यावरून समजायचं.

खिडकीजवळचा

आबा 😂 फिल्डरवरून बॉल ओळखणं आम्ही पण केलंय.

बरं बुवा, शेवटचं. आत्ता आहे त्याच सेटिंगमध्ये थोडं तरी पुढे सरकता येईल का? टीव्हीवर नाही तर निदान फोनवर?

बफरिंगबुवा

थोडंसं. मध्ये पॉज केलं असेल किंवा चक्र फिरून गेलं असेल तर तो उशीर आधीच्या उशिरात मिळत जातो, आपोआप भरून निघेलच असं नाही. प्लेअरमध्ये 'गो लाईव्ह' किंवा तसलं लाल बटण असतं ते दाबा, नाहीतर मॅच बंद करून परत उघडा. फोनवरून टीव्हीवर कास्ट करत असाल तर ते सोडा, टीव्हीतलंच ॲप वापरा. यातून काही सेकंद सुटतील, काकांना गाठणार नाही.

नागपुरी_संत्रं

गाठायचंच असेल तं गच्चीवरची छत्री अजून आहे का ते पाहून या. कनेक्शन बंद केलं की लोकं छत्री तशीच ठेवतात. डीडी फ्री डिशचा डबा एकदाच घ्यायचा, महिन्याले काही नाही. छत्री मात्र जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवून घ्यावी लागेल, ते माणूस बोलावूनच करा, अंदाजानं नाही होत. वर्ल्डकपमधल्या भारताच्या मॅच डीडी स्पोर्ट्सवर येतात, २००७ चा कायदाच आहे तसा, खासगी चॅनलले सिग्नल दूरदर्शनले द्यावाच लागते. आयपीएल त्यात नाही, ते आधीच सांगून ठेवतो, मंग मले शिव्या देजा नका.

खिडकीजवळचा

छत्री आहे! कपडे वाळत घालायची दोरी बांधलीये तिला. रविवारी माणूस बोलावतो.

पुन्हा_चहा

दोरी सोडायच्या आधी घरात विचारा.