मदत हवी आहे: फोटोशॉप अडकतंय, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?

रेषा_कराड: पंधरा हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं? फोटोशॉप सारखं अडकतंय. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या वेबसाइट करते. गणपतीची कामं डोक्यावर आहेत, रविवारपर्यंत घ्यायचंच आहे. प्लीज लवकर सांगा.

चकमक: डेस्कटॉप की लॅपटॉप? प्रोसेसर कोणता? रॅम किती? एवढं तरी लिहा.

सफरचंदी: सरळ मॅक मिनी घ्या. तीन वर्षं वापरतोय, एकदाही अडकला नाही.

जुना_कंपोझिटर: पंधरा हजारांत मॅक मिनी? आणि आमच्याकडचे फ्लेक्सवाले कोरलड्रॉची फाइल मागतात, त्याचं काय?

सफरचंदी: कोरल २०१९ पासून मॅकवरही आहे.

जुना_कंपोझिटर: आहे ना. पण माझ्या वीस वर्षांच्या फायली जुन्या फाँटमधल्या आहेत. ते सगळं परत कोण बसवणार?

सफरचंदी: म्हणूनच म्हणतो, युनिकोडवर, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच असणाऱ्या अक्षरांच्या कोडवर, या आता.

रेषा_कराड: अहो, मॅक नकोय मला! डेस्कटॉप आहे. आय५ १२४००, रॅम ८, एसएसडी २५६. दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला की संपलंच, ब्रश फिरवला तरी पाच-पाच सेकंद थांबावं लागतं. दुकानदार म्हणाला कार्ड टाका.

चकमक: फ्लेक्सच्या फाइलचं रिझोल्यूशन, म्हणजे इंचाला पिक्सेल किती?

रेषा_कराड: ३००. पत्रिकेला ठेवते तेच.

चकमक: मग कार्ड राहू द्या. १० फूट म्हणजे १२० इंच, गुणिले ३००, झाले ३६,००० पिक्सेल. दुसरी बाजू ७२,०००. सीएमवायकेत (छपाईच्या निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा, काळा या चार शाईंच्या पद्धतीत) एका पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे पूर्ण भरलेला एकच लेयर (चित्राचा थर) सुमारे १० जीबीचा झाला, तो ८ जीबी रॅममध्ये मावणार कसा? न मावलेलं सगळं फोटोशॉप डिस्कवर लिहीत बसतं आणि तुमची डिस्क २५६चीच. फ्लेक्स लोक रस्त्यापलीकडून बघतात, ७२ डीपीआय (इंचाला ७२) पुरतं. तोच लेयर ६०० एमबीच्या आत येईल. पत्रिका हातात धरून वाचतात, तिला ३००च ठेवा.

नवखा_२: मला गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय, डिझाइनला चालेल का?

जुना_कंपोझिटर: वेगळा धागा काढा, इथे त्यांचं काम अडलंय. रेषाताई, रॅम मात्र वाढवाच. बोर्ड डीडीआर४ रॅमचा की नव्या डीडीआर५चा ते आधी बघा, १२४०० दोन्हींवर चालतो. एक मोठी स्टिक घेण्यापेक्षा सारख्या दोन बसवा.

रेषा_कराड: आणि मागच्या महिन्यात एका मंडळाचा भगवा विटकरी छापून आला, त्यांनी पैसे कापले. तेही रॅममुळे का?

चकमक: नाही. पडद्यावरचा झळझळीत भगवा शाईत उतरतच नाही. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेत करा.

जुना_कंपोझिटर: माझी पद्धत सांगतो. पिवळा १००, मॅजेंटा ४० पासून ७० पर्यंत दहा-दहानं वाढवत चार चौकोन करा, निळा आणि काळा शून्य. जिथून फ्लेक्स छापता तिथूनच ती पट्टी छापून घ्या आणि मंडळाला हातात द्या. ते बोट ठेवतील तो आकडा फाइलमध्ये टाका. तेव्हापासून माझी रंगावरून एकही तक्रार आली नाही.

सफरचंदी: मॉनिटर कोणता आहे पण? मान हलवली की रंग बदलत असेल तर आयपीएस पॅनलचा, पूर्ण एसआरजीबी (वेबसाठी ठरलेले पडद्यावरचे सगळे रंग) दाखवणारा घ्या. वेबसाइटच्या कामाला तर हवाच.

रेषा_कराड: ७२ला करून बघितलं. याच मशीनवर ब्रश सरळ फिरला! सकाळपासून रडत होते. बोर्ड डीडीआर४चा आहे, उद्या १६च्या दोन बघते. मॉनिटर दिवाळीनंतर. आता ती पट्टी करायला बसते, मंडळाची माणसं सहाला येतायत.