जमैकाची बॉबस्ले: बर्फाविना तयारी कशी?

माणदेशी: दहिवडीत पोरांना स्प्रिंट शिकवतो. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकला कॅनडात, कॅल्गरीत, जमैकाची चौघांची बॉबस्ले (बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारी स्लेज गाडी) उलटली, तरी गडी चालत शेवटच्या रेषेपर्यंत गेले. बघून पोरं गप्प झाली. पण बर्फच नसलेल्या देशात सराव कसा केला?

कृष्णाकाठ (सांगली): सर, सुरुवातीला साधारण ५० मीटर स्लेज ढकलत पळायचं असतं. तिथं स्प्रिंटरचेच पाय लागतात. ते चाकांच्या गाडीवर घरीच जमलं. वळणं काढायला मात्र परदेशी ट्रॅकच गाठावा लागला.

अजिंक्यतारा: १९९४ पण सांगा पोरांना! नॉर्वेत लिलहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकला चौघांच्या शर्यतीत १४वे, अमेरिकेच्याही पुढे. माझ्या लेखी हे पदकाइतकंच मोठं.

माणदेशी: सांगतो दादा. वेल्डरकडून चाकांची गाडीपण करून घेतो, माळावर ढकलायला.