फॅमिली ग्रुप: कॅनडाचं मेडिकल, इराचा डायबेटीस आणि सुहासचा जुना एक्सरे

सुहास: पुढच्या आठवड्यात आमचं तिघांचं कॅनडाच्या पीआरचं (कायम राहण्याच्या परवान्याचं) मेडिकल आहे. माझं आणि प्राचीचं काही नाही, काळजी मुलीची, इराची आहे. टाइप वन डायबेटीस, इन्सुलिनचा पंप लावलेला. एजंट म्हणतो, विचारलं तरच सांगा. मेघनाताई, तू यातून गेली आहेस, काय करू?

अविनाशकाका: मला विचारशील तर इराचं नाव आत्ता घालूच नका. तुम्ही दोघं पुढे जा, बस्तान बसलं की तिला बोलवा. तोवर ती आमच्याकडे राहील.

मेघना: काका, तुमचा जीव आहे तिच्यावर, म्हणून म्हणताय. पण कृपा करून हे करू नका. मूल सोबत जाणार असो वा नसो, त्याचं नाव अर्जात द्यावंच लागतं आणि मेडिकलही होतं. ज्या मुलाची तपासणी झाली नाही, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, स्पॉन्सर करून बोलावता येत नाही, असा नियम आहे. वर माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षं बंदी. तिला जवळ आणायचं म्हणून केलेल्या गोष्टीनेच ती अडकेल.

अविनाशकाका: हे माहीत नव्हतं. मग आजार पाहून नाकारणार नाहीत का?

मेघना: नुसतं आजाराचं नाव पाहून नाही, खर्च पाहून. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर पडणारा भार ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल का, हे बघतात. 2025 साली ती मर्यादा वर्षाला 27,162 कॅनेडियन डॉलर होती, पाच वर्षांचे मिळून 1,35,810. पूर्वी हा आकडा फार कमी होता. 2016 मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या कुटुंबाला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे आधी नकार मिळाला, त्यावरून खूप आरडाओरड झाली. मग 2018 मध्ये मर्यादा तिप्पट केली आणि स्पेशल एज्युकेशनचा खर्च हिशेबातून काढला. त्याआधी 2005 मध्येच त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की सरसकट निदानावर न जाता त्या माणसाचा प्रत्यक्ष खर्च बघा.

प्राची: म्हणजे पंप आणि शुगर मोजणारा सेन्सर बघून डॉक्टर तिथेच नापास करतील असं नाही ना? मला रात्री झोप लागत नाहीये.

मेघना: नाही गं. पॅनेलचे, म्हणजे कॅनडाने नेमून दिलेले डॉक्टर फक्त तपासून रिपोर्ट पाठवतात, निर्णय इमिग्रेशनवाले घेतात. शंका आली तर आधी पत्र येतं, त्यात त्यांचा हिशेब असतो आणि उत्तराला मुदत असते. थेट नकार येत नाही. तू तिच्या डॉक्टरांकडून आत्ताच एक पत्र घे: निदान कधीचं, इन्सुलिन किती, गेल्या वर्षभराचे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), कधी अॅडमिट करावं लागलं का, पुढे वर्षाला काय काय लागेल. नियंत्रण चांगलं आहे हे कागदावर दिसू दे. पंप काढून ठेवू नका, लपवू नका. आणि तिच्यासमोर 'नापास' हा शब्द वापरू नका, नऊ वर्षांची आहे, सगळं कळतं तिला.

नंदाआत्या: सुहास, तू तुझं काही नाही म्हणतोस, पण कॉलेजात असताना तुझ्या छातीत पाणी झालं होतं ना? सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या.

सुहास: आत्या, त्याला आता वीस वर्षं होतील. पूर्ण बरा झालो होतो.

मेघना: आत्या, बरं झालं बोललात. इरापेक्षा वेळ इथे जाऊ शकतो. छातीच्या एक्सरेत जुना डाग दिसला तर थुंकीचे नमुने मागतात, सलग तीन दिवस. त्याच्या कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते लॅबमध्ये बघायला, सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर रिपोर्ट पुढे जात नाही. बऱ्या झालेल्या टीबीमुळे नकार येत नाही, फार तर तिकडे पोहोचल्यावर 30 दिवसांत आरोग्य खात्याला कळवायची अट घालतात. पण 2025 च्या ऑगस्टपासून एक्सप्रेस एंट्रीत (कुशल कामगारांच्या पीआरची पद्धत) मेडिकल अर्जाच्या आधीच करावं लागतं, म्हणून तुझ्या अर्ज भरायच्या मुदतीचं गणित बिघडेल. जुना एक्सरे असेल तर डॉक्टरांना तुलना करता येते. औषधांचा कोर्स पूर्ण केल्याचा कागद आहे का?

नंदाआत्या: फाइल माझ्याकडेच आहे, आज काढून फोटो टाकते. आणि सुहास, दादाचं, तुझ्या बाबांचं काय? त्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय. पुढे सुपर व्हिसावर, तो आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा असतो ना, त्यावर जायचं म्हणतोय.

मेघना: त्यांनाही मेडिकल लागतंच, आणि पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन बघतात. नुसत्या शुगर-बीपीवर सहसा अडत नाही. डायलिसिसपर्यंत गेलं तर मात्र खर्च मर्यादेबाहेर जातो. त्यांना आत्ताच किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. व्हिसा नंतर बघू, तब्येत आधी.

अविनाशकाका: दादाला मी घेऊन जातो, सोमवारी. सुहास, त्या एजंटचं ऐकू नकोस.

सुहास: नाही ऐकत. फॉर्ममध्ये टीबी आणि डायबेटीस दोन्ही लिहितोय. प्राची इराच्या डॉक्टरांना फोन करतेय. आत्या, एक्सरेचा मूळ फिल्मच लागेल बहुतेक, फोटोवर भागणार नाही. संध्याकाळी न्यायला येतो.