‘मूळ’, ‘अविभाज्य’ की ‘अभाज्य’?

डिचोली : “सर्वांत मोठी अविभाज्य संख्या सापडली” असा मथळा आहे. १ हून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज भाजक नसतो, तिला शाळेत ‘मूळ संख्या’ म्हणतात. काय ठेवावं?

फोंडा : ‘मूळ’ ठेवा. शाळेच्या पुस्तकांत तोच शब्द आहे, त्याच्या उलट ‘संयुक्त’. ‘अभाज्य’ हिंदीतला. पण मथळ्यात त्याहून मोठी चूक आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनंच सिद्ध केलंय, तेव्हा सर्वांत मोठी अशी कुठली असणार? ‘सर्वांत मोठी ज्ञात’ लिहा.

म्हापसा : ‘मूळ’ही घोटाळा करतो. “एका संख्येत २० टक्के वाढ केल्यावर ७२ मिळतात, तर मूळ संख्या कोणती?” उत्तर ६०, आणि ती तर संयुक्त! त्यापेक्षा ‘अविभाज्य’ बरा.

फोंडा : त्याचीही तीच गत. १० ही ‘७ ने अविभाज्य’ आहे, पण ‘अविभाज्य संख्या’ नाही. शिवाय ९७ मूळ असली तरी तेवढे नारळ दोघांत वाटता येतातच, एकाला ४८ आणि दुसऱ्याला ४९. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते सारख्या रांगांत मांडून बघा, एकच लांब रांग होईल. ९१ मात्र फसवतात : ७ रांगा, प्रत्येकीत १३.

डिचोली : बातमीत “२ चा घात वजा १” असं रूप आहे. घातांक मूळ असला की झालं ना?

फोंडा : नाही. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९. घातांक ३१ असताना येणारी २१४७४८३६४७ मूळ आहे, हे गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं. त्यानं ४६,३४० पर्यंतचे सगळे भाजक तपासले नाहीत. २४८ नं भागल्यावर १ किंवा ६३ बाकी राहते तेवढेच घेतले, कारण तिचा अवयव दुसऱ्या रूपाचा असूच शकत नाही.

म्हापसा : आता या रूपाची संख्या मूळ आहे का हे पाहायला लुका-लेमर कसोटी लावतात. ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येनं भागून बाकी घ्यायची. ३१ साठी, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १ साठी : ४, १४, ८, ०. घातांक ५, म्हणून ५ वजा २ अशा तीन पायऱ्या. शेवटी शून्य आलं, ३१ मूळ. २०४७ साठी नवव्या पायरीला १७३६ उरतात, म्हणून संयुक्त. बाकी घ्यायची विसरलात तर आकडे प्रत्येक पायरीला जवळपास दुप्पट अंकांचे होतात. आणि ‘संयुक्त’ ठरलं म्हणजे अवयव मिळाले असं नव्हे. २३ आणि ८९ या कसोटीतून दिसत नाहीत.

डिचोली : म्हणजे “२०२४ मध्ये सापडलेली ४ कोटींची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या”?

फोंडा : ‘४ कोटींची’ नको, ‘४ कोटींहून अधिक अंकी’ लिहा. ४ कोटी ही संख्या स्वतः आठच अंकी आहे; हिचे अंकच ४,१०,२४,३२० आहेत. घातांक १३,६२,७९,८४१. आणि ‘वजा १’ गाळू नका, नाहीतर ती सरळ सम संख्या होते.